घोड्याचा केस

सारजाबाईचा वाडा यंदा कार्तिकात सांगवीच्या शिवारात उतरणार, असा निरोप आला आणि सिंधुबाई बोटांवर दिवस मोजायला लागली. वाडा म्हटल्यावर कुणी दगडी भिंती डोळ्यांपुढं आणू नयेत. धनगराचा वाडा म्हणजे पाच बिऱ्हाडं, तीनशे मेंढरं, सहा घोडी, कुत्री, खुराड्यातल्या कोंबड्या, आणि दिवस मावळेल तिथं मांडलेली चूल. पावसाळाभर हा वाडा बारामती-इंदापूरच्या माळांवर हिंडायचा आणि दिवाळी झाली की भोरावरून वरंधा घाट उतरून कोकणात जायचा. सिंधुबाईचं बिऱ्हाडही एके काळी त्यातच होतं. बावीस वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्यानं, सोपाननं, मेंढरं विकली, कालव्याच्या पाण्यावर तीन एकर भिजवली आणि गवार, वांगी, टोमॅटो करायला लागला. तेव्हापासून ती एका जागी राहणारी बाई झाली.

टोमॅटो निघालेलं पाऊण एकर रान मोकळं पडलं होतं. त्यात चार दिवस मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत व्हायचं, आणि वाड्याला त्याबदली धान्य द्यायचं, असं ठरलं होतं. सोपान खताची वाट बघत होता. सिंधुबाईला खताशी काही देणंघेणं नव्हतं. तिला घोड्याच्या शेपटीचा एक लांब केस पाहिजे होता, आणि तो बांधायला सारजाबाईचे हात.

दुखणं सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. आधी नुसती खाज. मग लुगड्याच्या काठानंही आग व्हायला लागली. मग एक दिवस धुताना बोटाला काहीतरी खरखरीत लागलं, हरभऱ्याएवढं. लघवीला बसली की तोंडात पदर धरायची. खुरपायला दोन्ही पायांवर बसता येईना, म्हणून एक गुडघा टेकून तण काढायची आणि सून रोहिणीनं विचारलं की सांगायची, "गुडघा धरलाय गं." बिचाऱ्या धडधाकट गुडघ्यावर तिनं दीड वर्ष आळ घेतला. गावातल्या डॉक्टरकडंही एकदा जाऊन आली, पण खाज मांडीला सुटते म्हणाली आणि मांडी दाखवली. त्यानं नायट्याचं मलम दिलं. त्याला तरी दोष कसा द्यावा?

लपवायचं कारण एकच. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं.

सोपानच्या आधी सिंधुबाईचं एक लग्न झालेलं होतं. पंधराव्या वर्षी, इंदापूर तालुक्यात. नवरा लॉरीवर क्लीनर, महिन्यातून दोनदा घरी यायचा. दोन वर्षांत तिला त्या नाजूक जागी चामखिळी आल्या. त्याच्याही अंगावर होत्या, तिनं बघितल्या होत्या. तरी त्यानंच पंचांपुढं सांगितलं की ही बाई अंगानं खराब आहे. पंचांनी काडी मोडली, आणि ती माहेरी आली. पुढच्या साली सोपाननं तिच्याशी पाट लावला. पाटाचं लग्न जातीत चालतं, पण पाटाच्या बाईला लग्नघरात हळद लावायला पुढं घेत नाहीत. सांगवीत आल्यावर दोघांनी ही गोष्ट मागं सोडली. इथं कुणाला ठाऊक नव्हतं. वस्तीवर लग्न निघालं की पहिलं बोलावणं सिंधुबाईला यायचं. अजितला, तिच्या मुलालासुद्धा ठाऊक नव्हतं. चामखिळींचं तर सोपानलाही नाही, असं ती धरून चालली होती. त्या पहिल्या नवऱ्याखेरीज जगात फक्त सारजाबाईला ठाऊक होतं, आणि सारजाबाईनं बिरोबाची आण घेतली होती.

वाडा उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, पुरुष मेंढरं घेऊन चारायला गेल्यावर, सिंधुबाई टोमॅटोच्या रानात गेली. बायका मागं राहिल्या होत्या. कुणी कोकरांना पाजत होती, कुणी भाकऱ्या थापत होती. धुराचा, ओल्या लोकरीचा, घोडीच्या घामाचा वास आला आणि सिंधुबाईला उगाच भरून आलं. हा वास तिच्या अंगाला वीस वर्षं होता. तो कधी निघून गेला ते तिला कळलंही नव्हतं.

सारजाबाई सोपानची चुलत वहिनी. पासष्टीची, उंच, दातांच्या नावानं पुढचे दोनच, पण आवाज तसाच खणखणीत.

"ये गं सिंधे! वाळलीस की. मला वाटलं बंगल्यात ऱ्हाऊन फुगली असशील."

"कसला बंगला, आक्का. पत्र्याच्या दोन खोल्या."

"मोरीला कडी हाय म्हणं आतनं?"

"हाय."

"कडी लावून आंघुळ करतीस? एकलीच?" सारजाबाई हसली. "कंटाळत न्हाईस?"

सिंधुबाईही हसली, पण ते खरंच होतं. कोकणात वाडा उतरला की बायका दुपारी ओढ्यावर जायच्या. सगळ्या एकदम. पाणी कापसासारखं मऊ, काठाला करंजाची सावली, भातखाचरांतून कापणी झालेल्या पेंढ्याचा गोडसर वास. एकमेकींच्या पाठी घासायच्या, कुणाच्या मांडीला काटा मोडला, कुणाचं पोट वर आलं, कुणाच्या दंडावर नवऱ्याच्या बोटांचे वळ आहेत, सगळं सगळ्याजणींना दिसायचं. लपवायला जागाच नव्हती. त्या ओढ्यावरच सारजाबाईनं तिच्या चामखिळी बघितल्या होत्या. बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी घोडीच्या शेपटीचे केस घेऊन आली आणि मेंढीच्या कासेवरची चामखीळ बांधतात तशी एकेक बांधून टाकली. आठ-दहा दिवसांत गळून गेल्या. सिंधुबाई तेव्हा अठरा वर्षांची होती, आणि आपण पुन्हा नवी झालो असं तिला वाटलं होतं. कडीच्या मोरीत आल्यापासून तिला कुणी उघडं बघितलेलं नव्हतं. तिनं स्वतःसुद्धा नाही.

"आक्का, येक केस दे," ती खाली बघत म्हणाली. "ते परत आलंय."

सारजाबाईचं हसू थांबलं. तिनं सुनेला हाक मारून कोकरांकडं बघायला सांगितलं. सामानाच्या गोण्यांचा आडोसा होता, त्यावर घोंगडं टाकलं. घोडीच्या शेपटीतून एक केस उपटला, दातात धरून ताणून बघितला.

"नीज हितं. उजेडाकडं पाय कर."

"आक्का, लाज वाटती गं."

"माज्यापुढं? तुजं बाळतपण कुणी केलं? हजार मेंढ्यांची शेपटं उचलून बगितलीस तू, आन् आपलं बगाया येळ न्हाय घावला?"

सिंधुबाई निजली. वर घोंगड्याच्या भोकांतून ऊन दिसत होतं. सारजाबाईची बोटं थंड आणि हलकी होती, पन्नास वर्षं मेंढ्यांच्या जखमा चाचपलेली. ती काहीतरी बोलेल म्हणून सिंधुबाई वाट बघत राहिली.  सारजाबाईनं दोन्ही जांघा दाबून बघितल्या, सावकाश, पुन्हा एकदा. मग लुगडं खाली ओढलं आणि तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले.

"बांधलास?"

"न्हाय."

"का गं?"

"चामखिळीला देठ आसतो. देठाला केस बांधायचा आसतो. ह्याला देठ न्हाय, सिंधे. हे खाली रुतलंया. कडा दगडावानी झाल्यात, आन् मधी चिघाळलंया." तिनं केस मातीत टाकून दिला. "ही चामखीळ न्हाय."

"मग काय हाय?"

"मला काय ठावं? पर मेंढीला आसं झालं आसतं तर म्या त्याच दिशी धन्याला सांगितलं आसतं, डाक्टर आण न्हायतर मेंढी गेली म्हन." तिनं ओले हात पदराला पुसले. "जांघंत गाठ न्हाय लागत अजून. तवर जा. उंद्या जा."

"डाक्टर इचारल, आधी कवा झालं व्हतं का."

"इचारू दे की."

"संगं रोहिणी आसंल. रोहिणीला कळलं की अजितला कळलं. अजितला कळलं की..." सिंधुबाईनं मान फिरवली. "आक्का, त्यापरीस मी मेलेली बरी."

"मरायची घाई तुला लई. दीड वर्स त्याचीच तयारी केलीस."

"तू आण घेतलीयास. कुणाला सांगू नगंस."

"चामखिळीची घेतलीया," सारजाबाई उठत म्हणाली. "ह्याची न्हाय घेतली."

आणि सिंधुबाईनं पदर ओढला तरी न ऐकता ती ताडताड गवारीच्या रानाकडं निघाली. रोहिणी तिथं एकटीच शेंगा तोडत होती. सिंधुबाईला बांधावरून दोघी दिसत होत्या, ऐकू काही येत नव्हतं. सारजाबाई हातवारे न करता बोलत होती. रोहिणी आधी हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होती, मग तिनं पाटी खाली ठेवली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते सिंधुबाईला त्या बांधावर कळलं.

रोहिणीनं मात्र आल्याआल्या गवगवा केला नाही. त्यांच्याकडं सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. ती एवढंच म्हणाली, "आत्या, उद्या बारामतीला जायचं. मला तपासायचंय आणि तुम्ही सोबतीला, असं सांगते घरात."

एसटीत जागा होती, तरी सिंधुबाई दांडी धरून उभी राहिली. कंडक्टर दोनदा म्हणाला, "आजी, बसा की, अख्खी शीट मोकळी हाय." दुसऱ्या वेळी मागची पोरं हसली. रोहिणीही मग उठून तिच्याजवळ उभी राहिली, आणि दोघी तशाच बारामतीपर्यंत गेल्या. सिंधुबाईला त्या घटकेला ही सून पोटच्या पोरीहून जवळची वाटली, आणि तिच्यापासून लपवायचं ते आणखीच जड झालं.

डॉक्टर माधवी चाळिशीच्या होत्या. घाई नव्हती त्यांना.

"किती दिवस झाले, मावशी?"

"आठ-पंदरा दिस."

"आत्या, खरं सांगा," रोहिणी म्हणाली.

"दीड वर्स."

डॉक्टरांनी टेबलावर घेतलं. पाय अडकवायला लोखंडी टेकू होते. सिंधुबाईनं डोळे मिटून घेतले आणि मनानं कोकणातल्या ओढ्यावर जाऊन बसली. दिव्याचा उजेड मांड्यांना गरम लागत होता.

"याआधी कधी या जागी काही झालं होतं? फोड, चामखिळी?"

सिंधुबाईनं डोळे उघडले. पडद्याजवळ रोहिणी तिची चप्पल आणि पिशवी धरून उभी होती.

"न्हाय."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. सुई देऊन नखाएवढा तुकडा काढला, बाटलीत घातला, आणि रिपोर्टच्या दिवशी घरातल्या माणसांना घेऊन या म्हणाल्या. ते ऐकून दोघींनाही काय ते उमगलं. त्याच आठवड्यात वाडा हलला. सारजाबाईनं जाताना सिंधुबाईच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "मी फोन करीन भोरावरनं. उचल." मग घोडीचा कासरा धरून ती चालायला लागली. सोपान आणि सिंधुबाई बांधावर उभं राहून धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिले. सोपानचे पाय दोनदा आपसूक पुढं पडले.

रिपोर्टच्या दिवशी अजित, सोपान, सगळेच गेले. योनिमुखाचा कॅन्सर, डॉक्टर म्हणाल्या. बायकांच्या कॅन्सरमध्ये हा क्वचितच सापडतो. यांचा एका विषाणूमुळं झालेला आहे, एचपीव्ही म्हणतात त्याला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बहुतेक करून त्याच्यामुळंच होतो. अजून फार पसरलेला दिसत नाही. पुण्याला मंगळवारी ऑपरेशन करू, तेवढा भाग काढावा लागेल, जांघेतल्या गाठी तपासाव्या लागतील. वेळेत आलात. आणखी चार-सहा महिने काढले असते तर अवघड होतं.

"हा विषाणू येतो कुठनं?" अजितनं विचारलं.

"शरीरसंबंधातून, बहुतेक वेळा. पण कुणाकडून आला, कधी आला, हे सांगता येत नाही. तो अंगात तीस-चाळीस वर्षंही गप्प बसून राहतो. ज्यांनी आयुष्यात एकच माणूस बघितलं त्यांनाही होतो. त्यामुळं दोष कुणाला द्यायचा नाही." मग त्या रोहिणीकडं वळल्या. "तुम्हीही तपासून घ्या. आणि मुलगी दहा वर्षांची ना? तिला लस देता येते. त्याचं आपण बोलू."

डॉक्टर भल्या होत्या, पण दोष देऊ नका म्हटल्यानं कधी कुणी थांबलंय का? अजितनं तर पहिलं अर्धंच ऐकलं होतं. दवाखान्याच्या दारात उभं राहून तो मोबाइलवर कितीतरी वेळ वाचत होता. 

दुसऱ्या दिवशी दुपारी बापलेक पडवीत गवार निवडत बसले होते. जून शेंगा एकीकडं, कवळ्या गोणीत. सिंधुबाई आत खाटेवर एका कुशीवर पडलेली होती. दार उघडं होतं.

"आबा," अजित म्हणाला, "एक इचारतो. आईला हे कुठनं आलं?"

सोपान शेंगा निवडत राहिला.

"डाक्टरनं सांगितलं तुमी ऐकलं न्हवं? हे माणसाकडनंच येतं. आईला मी काय इचारणार न्हाय. तुमी सांगा."

 सिंधुबाईनं खाटेचा सुंभ मुठीत धरला.

"माज्याकडनं," सोपान म्हणाला.

"काय?"

"माज्याकडनं आलं. वाड्यात व्हतो तवा महाडच्या बाजाराला जायचो. तरणा व्हतो. तुज्या आईला कायबी इचारायचं न्हाय, तिचा काय संबंध न्हाय."

अजितनं हातातल्या शेंगा गोणीत टाकल्या नाहीत, जमिनीवर टाकल्या. उठला आणि बाहेर गेला. सोपाननं त्या शेंगा एकेक करून वेचल्या, कवळ्या कवळ्या बघून गोणीत टाकल्या आणि गोणीचं तोंड शिवायला घेतलं. दाभण दोनदा बोटात गेलं.

संध्याकाळच्या आत सिंधुबाई कशीबशी उठून गोठ्याकडं गेली. सोपान म्हशीला वैरण टाकत होता.

"खोटं का बोललासा?"

"कोण म्हनतं खोटं?"

"महाडच्या बाजाराला मी संगं असायची. दर बाजाराला. मीठ-मिरची मी घ्यायची, आन् तुमी भज्यांच्या कढईपशी हुबं ऱ्हायचासा."

सोपानला हसू आलं. "लई भारी भजी व्हती ती."

"मला हिरवा चुडा घितलासा. येताना नदी भरली व्हती, तर चुडा फुटू नये म्हणून मला पाठुंगळी घितलं."

"वझं बी न्हवतं तवा तुजं." त्यानं वैरणीचा हात झटकला. "जे व्हतं त्ये व्हतं. अजितला मी सांगितलं त्येच खरं."

"त्याला सांगायचं व्हतं, डाक्टर म्हणत्यात ठावं न्हाय."

"मग त्यो तुज्यावर शंका घेत बसला आसता. माजं काय, मी बापय. बापयाला लोक चार दिस बोलत्यात, मग इसरत्यात. बाईला न्हाय इसरत. पोरगंबी न्हाय इसरत."

सिंधुबाई गव्हाणीला टेकून उभी राहिली. मग चाळीस वर्षं पोटात ठेवलेलं ओठावर आलंच. "तुमाला येक ठावं न्हाय. पयल्या वर्सी, कोकणात..."

"चामखिळीचं?"

ती गव्हाण सोडून सरळ झाली.

"सारजा वैनी केस मागाया माज्याकडंच आली व्हती. तांबडी घोडी लाथ मारायची दुसऱ्याला. म्याच काढून दिलं चार केस. आगं, धनगराला घोड्याचा केस कशाला लागतो ते कळत न्हाय व्हय?"

"आन् तुमी बोलला न्हाय? येवढी वर्सं?"

"बोलायचं काय त्यात? पडल्या की त्या." त्यानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "तू त्या वर्सी पयल्यांदा हसाया लागलीस. मला तेवढंच दिसलं."

सिंधुबाई तिथंच गव्हाणीवर डोकं ठेवून रडली. दुखण्यासाठी ती इतक्या दिवसांत रडली नव्हती. ज्या माणसापासून आपण जन्मभर लपवलं, त्यानं ते जन्मभर सांभाळलं, याचं तिला बरंही वाटत होतं आणि वाईटही. वाडा, ओढा, महाडचा बाजार सगळं एकदम आठवत होतं, आणि त्यातला हा माणूस आपण पुरता ओळखलाच नाही असं वाटत होतं.

पुढचे चार दिवस घरात कठीण गेले. अजित बापाशी बोलेना. ताट उचलून अंगणात जायचा. काही सांगायचं झालं तर मुलीकडून, वृषालीकडून सांगायचा. "आबांना म्हणावं मोटार बंद करा." वृषाली दोन पावलांवर उभ्या आजोबांना तेच वाक्य पुन्हा सांगायची, आणि सोपान तिला "बरं बाई" म्हणायचा. शनिवारी बाजाराची गोणी उचलताना सोपाननं सवयीनं एका टोकाला हात घातला, तर अजित "सोडा" म्हणाला आणि एकट्यानं ती पाठीवर घेतली. टेम्पोवाल्यासमोर. सोपान हात पुसत बाजूला झाला. सिंधुबाईनं ते दारातून बघितलं. तिचं दुखणं तिला काही वेळ जाणवलंच नाही.

रोहिणीनं अजितला समजवायचा प्रयत्न केला. तिला एकच उत्तर मिळालं, "माझ्या आईनं भोगायचं आणि ह्यांनी मजा मारायची?" आईवर त्याचा जीव होता, हे खरं. पण जीव लावणारी माणसंही कधी कधी किती आंधळी होतात.

मंगळवारी दिवस उगवता उगवता भाड्याची गाडी दारात आली. ती अजितच चालवणार होता. त्यानं आदल्या दिवशीच रोहिणीला सांगून ठेवलं होतं, "तू आणि मी जायचं. त्यांनी हितंच ऱ्हावं, म्हशी कोण बघंल?" म्हशी बघायला शेजारचे आप्पासाहेब तयार होते, हे सगळ्यांना माहीत होतं.

सोपाननं पहाटेच अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं. पटका बांधून तो अंगणात उभा राहिला. कुणी त्याला चल म्हटलं नाही. मग तो आत गेला आणि रोजचं मळकं धोतर नेसून गोठ्यात शेण भरायला लागला. सिंधुबाईला रोहिणीनं धरून गाडीत बसवलं, एका अंगावर, खाली मऊ वाकळ घालून. अजितनं गाडी चालू केली.

"थांब," सिंधुबाई म्हणाली.

"काय ऱ्हायलं, आई?"

"बंद कर ती."

त्यानं गाडी बंद केली आणि मागं वळून बघितलं. सिंधुबाईनं रोहिणीचा हात हातात घेतला. 

"तुज्या आबांच्या आदी मला येक नवरा व्हता. इंदापुराकडं. लॉरीवर क्लीनर. त्याच्या अंगावर व्हत्या तसल्या चामखिळी मला आल्या. मग त्यानं मला टाकली. काडीमोड झाली. आबांनी माज्याशी पाट लावला."

अजित पुरता मागं वळला.

"त्यो रोग त्याच्याकडनं आला का कुणाकडनं आला, त्ये डाक्टरला बी ठावं न्हाय, मला बी न्हाय. पर आबांकडनं आला म्हणून त्यांनी सांगितलं, त्ये खोटं. महाडच्या बाजारात त्यांनी भज्यांबिगर काय बगितलं न्हाय. मला झाकाया बोलले त्ये." तिला धाप लागली. "डाक्टरला बी मी न्हाय म्हणून सांगितलं. आज तिला समदं सांगणार हाय. आन् वस्तीला कळलं तर कळू दे. हळदीला पुडं न्हाय घितलं तर मागं बसंन."

रोहिणीनं तिचा हात घट्ट धरला. अजित दार उघडून खाली उतरला आणि गोठ्याकडं गेला. तिथं तो काय बोलला ते गाडीत ऐकू आलं नाही. एवढंच दिसलं, की त्यानं बापाच्या हातातली शेणाची पाटी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि त्याच्या पायांशी वाकला. सोपाननं त्याला दंडाला धरून उभं केलं.

सोपान गाडीपाशी आला तो रागानं.

"सांगितलंस?"

"व्हय."

"कशाला? म्या निभावलं आसतं की."

"तुमी निभावलं आसतं. मला न्हाय निभत," सिंधुबाई म्हणाली. "मला तितं तुमी पायजेत."

 सोपान धोतर बदलून येतो म्हणाला, तर ती म्हणाली, हाय तसं चला. रोहिणी उतरून पुढं बसली. सोपाननं हौदावर हात धुतले, धोतराला पुसले आणि मागं तिच्याजवळ येऊन टेकला. सिंधुबाईला नीट बसता येत नव्हतं. तिनं सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला आणि डोळे मिटले. अजितनं आरशात एकदा बघितलं आणि गाडी सावकाश चालवायला लागला. मुलासमोर, सुनेसमोर, चाळीस वर्षांत ती अशी कधी बसली नव्हती. पुण्यापर्यंत ती तशीच बसली.